नाल्याकाठचं जंगल किती रुंद राखायचं? बेडूक, साप आणि आपला सागवान

चोरलकाठ (इंदूर)

महू सोडून घाट उतरायला लागलं की सागाचं जंगल सुरू होतं. हे जंगल वनविभागाचं असलं तरी अभयारण्य नाही. कार्य आयोजनेप्रमाणे, म्हणजे वनविभागाच्या कामाच्या आराखड्याप्रमाणे, इथे कूप (तोडीसाठी आखलेले जंगलाचे तुकडे) पडतात, विरळणी होते, म्हणजे मधली काही झाडं काढतात, लाकूड डेपोत जातं. त्याला माझा विरोध नाही. लाकूड लागतं, आणि ते आपल्याच जंगलातून नीट काढलेलं बरं. माझा प्रश्न नाल्यांचा आहे. कूप आखताना नाल्याच्या दोन्ही अंगांना झाडांचा पट्टा उभा सोडतात, तो कुणासाठी? काठ ढासळू नये, माती वाहून जाऊ नये, पाणी गढूळ होऊ नये, यासाठी. बेडूक, पाली, साप, कासवं या हिशेबात धरलेलीच नसतात. ती धरली की पट्ट्याची रुंदी बदलते, आणि तो कुठून सुरू करायचा हेही बदलतं.

बेडकाची कातडी पाणी धरून ठेवत नाही. श्वासाचा मोठा भाग त्या ओल्या कातडीतूनच चालतो, आणि अंड्याला कवच नसतं. त्यामुळे डोक्यावर सावली, पायाखाली ओल आणि लपायला पालापाचोळा यांतलं एक जरी गेलं तरी तो अडचणीत येतो. सरपटणाऱ्यांचं उलट असतं. खवल्यांमुळे त्यांच्या अंगातलं पाणी टिकतं, पण ऊब बाहेरून घ्यावी लागते. त्यांना ऊन हवं, लगेच आत शिरता येईल अशी सावली हवी आणि अंड्यांसाठी भुसभुशीत, कोरडी जागा हवी. म्हणजे एकाच पट्ट्याकडून दोघांच्या मागण्या वेगळ्या.

यावर बरंचसं काम अमेरिकेत झालंय. पूर्व टेक्सासमध्ये पाइनच्या लागवडीतून जाणाऱ्या ओढ्यांवर रुडॉल्फ आणि डिक्सन या दोघांनी केलेला अभ्यास १९९० मध्ये छापून आला. २५ मीटरपेक्षा अरुंद पट्ट्यांत उभयचर आणि सरपटणारे प्राणी दोन्ही तुरळक सापडले, ३० मीटरच्या पुढे ते चांगले भरले. कारण लक्षात घेण्यासारखं आहे. अरुंद पट्ट्यात कडेने ऊन आत शिरतं, खाली झुडपांचं आणि गवताचं रान माजतं, वरचं छत विरळ राहतं आणि पाचोळ्याचा थर जमत नाही. लांबून पाहिलं तर पट्टा हिरवागार दिसतो. आपल्याकडे ती जागा लँटाना, म्हणजे घाणेरीचं झुडूप, घेतो. घाटातल्या कुठल्याही उघड्या पडलेल्या नाल्याकाठी हे बघायला मिळेल.

पुढे २००३ मध्ये सेमलिच आणि बोडी यांनी उभयचर आणि सरपटणाऱ्यांच्या ६५ जातींवर तोवर छापलेली माहिती एकत्र केली. हे प्राणी पाण्यापासून जमिनीवर किती लांब राहतात, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. उत्तर आलं ते उभयचरांसाठी १५९ ते २९० मीटर आणि सरपटणाऱ्यांसाठी १२७ ते २८९ मीटर. म्हणजे पाणी स्वच्छ ठेवायला पुरणारा पट्टा वेगळा आणि या जनावरांचं घर वेगळं. आपण पहिलं राखतो आणि दुसरंही राखलं असं धरून चालतो.

आता माळव्याचं बघा. आपले बहुतेक नाले पावसाळी. दिवाळी सरली की धार बारीक होते, मग फक्त डोह उरतात, आणि उन्हाळ्यात तेही जातात. मग बेडूक कुठे जातात? बराचसा काळ ते पाण्यात नसतातच. जमिनीत, दगडाखाली, मुळांच्या सांदीत, कुजक्या ओंडक्याखाली दबून बसतात. आपल्याकडच्या बिळकऱ्या बेडकाच्या मागच्या पायाला, टाचेशी, एक कडक उंचवटा असतो, फावड्याच्या पात्यासारखा. त्याने तो पाठमोरा जमिनीत उतरतो. माती बाजूला सारत, अंग डावी-उजवीकडे हलवत, शेवटी डोळे तेवढे दिसतात, मग तेही नाहीत. वर माती सारखी होते. माथ्यावरची माती उघडी पडून दगडासारखी तापली तर हा प्राणी उतरणार कुठे आणि पहिल्या पावसापर्यंत तगणार कसा?

म्हणून माझं म्हणणं असं की पट्ट्याची रुंदी पाणी कुठवर येतं त्यावरून मोजू नये. पाणी नसतं त्या सात-आठ महिन्यांत हे जीव कुठे असतात त्यावरून मोजावी. जाणकारांनी बोलावं.

---

मुकुंद_महूकर

उत्तम विषय. पातालपाणी, कालाकुंडकडे पावसाळ्यात आम्ही भटकतो, पण धबधब्यापलीकडे बघणं होत नाही. एक शंका. अमेरिकेतली बरीच उदाहरणं सॅलॅमँडरची, म्हणजे सरड्यासारख्या दिसणाऱ्या शेपटीवाल्या उभयचराची, असतात. आपल्याकडे तो प्राणीच नाही. मग ते आकडे इकडे कसे लावायचे?

---

चोरलकाठ

मुकुंदराव, शंका रास्त आहे. भारतात सॅलॅमँडर फक्त दार्जिलिंग आणि ईशान्येच्या डोंगरात. त्यामुळे आकडा जसाच्या तसा उचलू नये, कारण उचलावं. तिथला सॅलॅमँडर थंड, ओल्या जंगलात वर्षभर जमिनीवर वावरतो. आपला बेडूक कोरड्या पानगळीच्या जंगलात राहतो, इथे मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो. ओलसर आसऱ्याची गरज इकडे कमी नाही, जास्तच आहे. फक्त आपल्याकडे ती उन्हाळ्यात जीवावर येते.

दुसरं, सागाचा स्वभाव. साग उन्हाळ्यात उघडा होतो. ज्या दिवसांत सावली सगळ्यात जास्त हवी, त्याच दिवसांत डोक्यावर पान नसतं. नाल्याकाठची झाडं निराळी असतात: अर्जुन, ज्याला इकडे कहुआ म्हणतात, जांभूळ, उंबर, करंज. यांची सावली त्या दिवसांतही बरीचशी टिकते. तेव्हा काठाला साग उभा आहे म्हणून पट्टा राखला असं होत नाही. काठावर काय उभं आहे तेही बघावं लागतं.

---

जुना_रेंजर

नोकरीची सगळी वर्षं जंगलात काढली, त्यातली बरीच माळव्यात. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

कूप आखताना आम्ही आधी उपचार नकाशा करतो, म्हणजे कुठल्या जागेत काय करायचं याचा नकाशा. तीव्र उताराची, धूप झालेली आणि नाल्याकाठची जागा संरक्षणात टाकतात, तिथल्या झाडांवर तोडीची खूण होत नाही. कागदावर ही पद्धत चांगली आहे. चुकतं कुठे ते सांगतो. खुणा करायला माणूस जातो तेव्हा जमीन कोरडी असते. मोठा नाला कुणालाही कळतो. पण त्याला वरून येऊन मिळणारे जे बारके ओहळ, ते तेव्हा नुसत्या खळगी दिसतात. नाकेदार, म्हणजे वनरक्षक, नवा असेल तर त्याला ओहळ म्हणून कळतही नाही. मग झाडं त्यातली जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे लाकूड खाली आणायला तीच सोयीची वाट ठरते. ओंडके त्या खळगीतून ओढत नेले की पाऊस पडल्यावर सगळी माती थेट डोहात.

बेडकांचं मी शास्त्र शिकलो नाही, पण पाहिलं पुष्कळ आहे. पहिल्या मोठ्या पावसात बेडूक सगळ्यात आधी बोलायला लागतात ते या वरच्या खळगीतल्या साचलेल्या पाण्यात, मोठ्या नाल्यात नाही. तिथे मासे नसतात, म्हणून पिल्लं वाचत असणार असा माझा अंदाज.

एका बाबतीत मात्र धागाकर्त्यांशी वाद आहे. सेमलिच-बोडींचे आकडे धरून जवळजवळ ३०० मीटर दोन्ही बाजूंना? मग कूपच उरत नाही. अशी मागणी घेऊन कुणी डीएफओकडे, म्हणजे विभागीय वन अधिकाऱ्याकडे, गेलं तर ते चहा पाजून परत पाठवतील.

---

पोर्टलंडकर_इंदोरी

जुना_रेंजर काकांनी वरच्या ओहळांचं जे लिहिलंय तेच इकडे ओरेगॉनमध्ये सगळ्या चर्चेच्या केंद्रस्थानी आहे. मी मूळची इंदूरच्या पलासियाची, इथे वनखात्याशी जोडलेल्या कामात आहे.

इकडे १९८९ मध्ये कॉर्न आणि बरी यांनी उगमाजवळच्या ओढ्यांची तुलना केली. २३ ओढे न तोडलेल्या जंगलातले आणि २० ओढे १४ ते ४० वर्षांपूर्वी तोड झालेल्या जंगलातले. तोड झालेल्या ओढ्यांत उभयचर कमी होते, तेही इतक्या वर्षांनंतर. मुख्य कारणांत गाळ आला. गोट्यांमधल्या फटी गाळाने बुजतात, आणि या जीवांचं सगळं आयुष्य त्या फटींत जातं. इथल्या शेपटीवाल्या बेडकाची पिल्लं थंड वाहत्या पाण्यात दगडाला तोंडाने चिकटून राहतात, बेडूक व्हायला त्यांना एक ते चार वर्षं लागतात. दगड गाळाने माखला की चिकटणार कशाला?

कायदा मात्र बराच काळ माशांकडे बघून चालला. सामन मासा जिथवर जातो तिथवर रुंद पट्टा, त्याच्या वर अगदी थोडका. २०२२ मध्ये लाकूड कंपन्या आणि पर्यावरण संस्था यांच्या समझोत्यावर बेतलेला कायदा इथे झाला. खासगी जंगलांतले काठपट्टे वाढले, मासे नसलेल्या वरच्या ओढ्यांनाही संरक्षण मिळालं, आणि त्यात काही उभयचरही धरले गेले. तिथवर यायला कित्येक वर्षांचा झगडा गेला.

आणखी एक. सपाट तोड आणि विरळणी यांना एकाच तागडीत घालू नका. इथे विरळणीच्या जंगलात ६ मीटरपासून जवळजवळ १४५ मीटरपर्यंत वेगवेगळे पट्टे ठेवून अभ्यास झालाय. जंगलाचं छत बऱ्यापैकी शाबूत राहिलं तर अरुंद पट्ट्याचाही तोटा तितका होत नाही. मागे एकही झाड न ठेवता तोड केली तर मात्र पट्टा हाच सगळा आधार, आणि तोही अरुंद असला की वाऱ्याने झाडं उन्मळून पडतात.

---

सराफ्यातला_सुहास

+१. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

विश्वामित्री (वडोदरा)

आम्हा वडोदेकरांना काठाचा विषय निघाला की मगरी आठवणारच. पावागडच्या डोंगरातून निघालेली विश्वामित्री शहराच्या मधोमध वाहते आणि तिच्यात मगरी राहतात. मगर काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, आणि पिल्लू नर होणार की मादी हे त्या मातीच्या उबेवर ठरतं. त्यामुळे काठ पूर्ण झाडीने झाकला तरी तिचं जमत नाही आणि सिमेंटने बांधला तर मुळीच जमत नाही.

हे सांगायचं कारण, चर्चा बेडकांकडे झुकलीय. जंगलातल्या सरपटणाऱ्यांनाही उघड्या जागा लागतात. जांबुघोड्याच्या जंगलात फिरताना घोरपड कायम उन्हाच्या कवडशात, नाहीतर वारुळाजवळ दिसते. ती अंडीही बरेचदा वारुळातच घालते. तोड झालेल्या उघड्या जागेत सरडे, सापसुरळ्या वाढलेल्या दिसतात. मग फक्त दाट पट्टा राखा म्हटलं तर सापांचं काय?

---

चोरलकाठ

तुमचा मुद्दा मला पटतो, फक्त एक जोड देतो. उघडी जागा मिळायची चिंता व्यवस्थापन असलेल्या जंगलात नसते. दरवर्षी कुठे ना कुठे कूप पडतोच. टंचाई असते ती जुन्या, ओल्या, सावलीच्या जागेची. म्हणून आधी ती राखायची. पट्ट्यात एखादं मोठं झाड आपसूक कोसळून छताला भोक पडलं तर ते तसंच राहू द्यावं. घोरपडीला ऊन मिळतं आणि पडलेल्या खोडाखाली बेडकाला ओल. ते खोड सरपण म्हणून उचललं की दोघांचं नुकसान.

आणि सरपटणारे जीव बेडकांवर पोसले जातात हे विसरून चालणार नाही. पाणदिवड मासे आणि बेडकांवर जगते. धामण बेडूक खाते, उंदीर खाते. बेडूक कमी झाले की पुढची साखळी ढिली पडते. कासवाचं बघा: पाण्यात राहतं, पण अंडी घालायला काठावर चढतं. पाण्यापासून त्याच्या खड्ड्यापर्यंतची जमीन तुडवली, नांगरली गेली तर पाणी कितीही निर्मळ असून उपयोग नाही.

---

शुभदा_बडवाह

मी शाळेत शिकवते, घाटाखालच्या गावात राहते. तुमची चर्चा मन लावून वाचली. गावातला प्रश्न वेगळा आहे. नाल्याकाठी रान वाढलं की बायका म्हणतात, साप वाढतील. पाणी भरायला, सरपणाला त्यांनाच जावं लागतं. घोणस आणि फुरसं दोन्ही आमच्याकडे आहेत, चावल्याच्या घटना घडतात. त्यांना मी काय सांगू?

---

जुना_रेंजर

शुभदाताई, त्यांची भीती खरी आहे, ती झटकून टाकू नका. माझा अनुभव सांगतो. फुरसं कोरड्या, खडकाळ, उघड्या जागेतलं जनावर. सावलीच्या ओल्या नाल्यात ते मला क्वचितच दिसलं. घोणस गवतात आणि झुडपात असते, उंदीर असतील तिथे जास्त, म्हणजे शेताच्या बांधाला आणि गावाच्या कडेला. मोठ्या झाडांच्या गर्द सावलीत खाली झुडूप कमी असतं, पाय कुठे पडतोय ते दिसतं. भीतीची जागा म्हणजे लँटाना माजलेला उघडा काठ. तेव्हा बायकांना सांगा, झाडं राखायची आणि पाणवठ्याच्या वाटेवरचा लँटाना मुळासकट काढायचा. रात्री बॅटरी, पायात बूट, आणि चावलंच तर झाडपाल्यात वेळ न घालवता तडक सरकारी दवाखाना.

---

शुभदा_बडवाह

हे सांगण्यासारखं आहे. धन्यवाद काका.

झाडबेडकाचं घरटं मुलांना दाखवायला गेलो होतो, त्याबद्दल लिहिते. डोहावर आलेल्या जांभळाच्या फांदीला, पानांच्या मध्ये, पांढरट फेसाचा गोळा लटकत होता. मादी अंड्यांबरोबर जो द्रव सोडते तो मागच्या पायांनी घुसळून हा फेस करते. बाहेरून तो वाळून पापडी धरतो, आत ओला राहतो. फेस खालून सैल व्हायला लागला होता आणि त्यातून एक एक पिल्लू थेट पाण्यात गळत होतं. मुलं तासभर हलली नाहीत. त्याच नाल्यावर पुढे काठची झाडं तोडली आहेत. तिथे असाच गोळा उघड्या दगडावर होता, कडक होऊन तडकलेला. पिल्लं आतच राहिली.

---

सागवान_व्यापारी

आमचा लाकडाचा धंदा तीन पिढ्यांचा. विरोधासाठी विरोध करत नाही, पण हिशेब मांडतो. १ किलोमीटर नाल्याला दोन्ही बाजूंनी ३० मीटर सोडले तर ६ हेक्टर गेले. एखाद्या १०० हेक्टरच्या कक्षात (वनविभागाने क्रमांक दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात) २ किलोमीटर नाले असतील तर १२ हेक्टर, म्हणजे १२ टक्के. हे परवडतं, कारण काठचा साग तसाही फार सरळ नसतो. पण तोच पट्टा १५० मीटरचा केला तर ६० टक्के जमीन गेली. मग लाकूड बाहेरून येणार. मलेशिया, आफ्रिका, कुठूनही. तिकडचे बेडूक कोण मोजतंय?

---

चोरलकाठ

हिशेब बरोबर आहे, आणि शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. म्हणून ३०० मीटर तोडबंदी असं मी म्हणतच नाही. सेमलिच आणि बोडी यांनीही सरसकट एकच पट्टा सांगितला नाही, थर सांगितले: पाण्यालगत पाणी राखणारा ३० ते ६० मीटरचा, त्यापुढे या जीवांच्या वस्तीचा, आणि वस्तीला झळ लागू नये म्हणून बाहेर आणखी ५० मीटर.

आपल्याकडे हे असं बसू शकेल. काठापासून ३० मीटर कुऱ्हाड बंद, आणि त्यात कहुआ, जांभूळ, उंबर, करंज यांची नवी रोपं येऊ द्यायची. त्यापलीकडे शंभरेक मीटर लाकूड काढा, पण निवडून. छत एकदम उघडं पडू देऊ नका, ओंडके ओहळातून ओढू नका, पडकं-कुजकं लाकूड काही तरी मागे ठेवा. काकांनी सांगितलेल्या वरच्या खळगींना रुंद पट्टा नको, पण दोन्ही अंगांची थोडी झाडं आणि खालचा पाचोळा तेवढा राखा. यातलं दुसरं कलम व्यापाऱ्याचं फारसं नुकसान करत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त जीव तेच वाचवेल.

पण हे सगळं एका गोष्टीपुढे व्यर्थ आहे, ती म्हणजे आग. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही लावतात. ती आग वाऱ्याने नाल्यात उतरते. झाडं उभी राहतात, कागदावर पट्टा शाबूत दिसतो, आणि खालचा थर मात्र राख होतो. नेमका त्याच थरात त्या दिवसांत बेडूक, सापसुरळ्या दडलेल्या असतात. वर सागाच्या रुंद पानावरून गळणारे टपोरे थेंब उघड्या मातीवर आदळतात आणि पहिल्या पावसातच ती नाल्यात जाते. मोह वेचणाऱ्यांचं पोट त्यावर आहे, तेव्हा त्यांना दटावून भागणार नाही. मोहाच्या झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरल्या की पेटवावं लागत नाही, वेचणीही स्वच्छ होते. वन समितीने जाळ्या घेऊन दिल्या तर नाल्याचा पट्टा आपोआप वाचतो.

---

मुकुंद_महूकर

म्हणजे पट्टा कूप पडतो तेव्हाच नाही तर दर उन्हाळ्यात राखावा लागतो. हे मला नवीन होतं. जानापाव डोंगराच्या बाजूलाही असंच आहे का? तिथून चंबळ उत्तरेला जाते आणि थोड्याच अंतरावरचं पाणी दक्षिणेला नर्मदेत.

---

जुना_रेंजर

तिकडेही हेच आहे, फक्त उतार कमी आणि गुरं जास्त. डोहाच्या काठाला खुरांनी चिखल होतो, बेडकांची अंडी त्यात जातात. गुरांना पाण्यावर यायला एकच वाट ठरवून द्यावी, बाकी काठ काट्यांनी आडवा करावा.

धागाकर्त्यांच्या ३० मीटर अधिक निवडक तोडीला माझी हरकत नाही. असं काही मांडलं तर कुणी अधिकारी ऐकून घेईल. कार्य आयोजना साधारण दहा वर्षांची असते, नवी तयार होताना वन समित्यांचं म्हणणं विचारतात. तेव्हा तोंडी न सांगता नकाशा द्या. आणि तो नकाशा श्रावणात करा, ओहळ वाहत असताना. मोबाइलवर जागेची खूण घेता येते, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. कक्ष क्रमांक मी लावून देईन.

---

शुभदा_बडवाह

आमच्या वन समितीचे अध्यक्ष माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील आहेत. पाऊस लागला की वरच्या अंगाचे ओहळ ते स्वतः दाखवतील असं म्हणालेत. मोहाच्या जाळ्यांचा विषयही येत्या बैठकीत घालते आहे. काका, नकाशावर ओहळाच्या नावाशेजारी आणखी काय काय नोंदवायचं ते इथेच लिहाल का?

---

जुना_रेंजर

लिहितो. ओहळाची दिशा, काठाला कोणती झाडं, मासे आहेत की नाहीत, पाणी शेवटचं कुठल्या महिन्यापर्यंत दिसतं, लाकूड ओढल्याची जुनी वाट आहे का, जळाल्याच्या खुणा आहेत का. बेडकांची जात ओळखता नाही आली तरी चालेल. कुठल्या डबक्यात अंडी किंवा बेडूकमासे दिसले एवढं लिहा आणि फोटो काढा. दगड उचलला तर तो जसा होता तसाच, त्याच जागी परत ठेवायला मुलांना सांगा.